काळ्या रंगाचे तपासनीस

स्वतःच्या कातडीवर आमच्या भावोजींइतकं जिवापाड प्रेम करणारा आणि त्याच कातडीशी इतका उघड दगा करणारा दुसरा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. ते रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात आहेत आणि मी म्युनिकला, म्हणजे मनात आलं की आगगाडीत बसून जाता येईल इतक्या अंतरावर. त्यामुळे त्यांच्या सगळ्या तऱ्हांची मी शेजारणीइतकी पक्की साक्षीदार आहे. भावोजी रंगाने काळे. सावळे नाहीत, गव्हाळ नाहीत, लग्न जुळवणारे लोक अवघडून जे जे शब्द वापरतात त्यांतले कुठलेच नाहीत. चांगले काळे कुळकुळीत, आणि वर अशी तुकतुकी की बघणाऱ्याने बघत राहावं. ते ताईला बघायला आले तेव्हा आमच्या मावशीने आतल्या खोलीत "मुलगा हुशार आहे, परदेशी जायचा आहे, पण..." एवढंच म्हटलं. मावशीची कुजबुज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जाते. बाहेरून भावोजींचा आवाज आला, "पण काळा आहे. बोला ना मावशी, मोकळेपणाने बोला. मी रोज आरशासमोर दाढी करतो, मला माहीत आहे." मावशीच्या हातातली पोह्यांची बशी कलंडली, आणि आत बसलेल्या ताईने तिथल्या तिथे ठरवलं की लग्न करीन तर याच माणसाशी.

हा तोरा त्यांच्या आईकडून आलेला. आई साताऱ्याला असतात. भावोजी तान्हे होते तेव्हा बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई पदराखाली एकेक उपाय घेऊन यायची. कुणी हळद, कुणी साय, कुणी डाळीचं पीठ. रोज घासा, पोर बघता बघता उजळेल. आईंनी सगळं मुकाट्याने ठेवून घेतलं, त्या पिठाची भजी तळली आणि पुढच्या खेपेला त्याच बायकांना खाऊ घातली. "मळ असता तर घासला असता," त्या म्हणाल्या, "हा माझ्या लेकराचा रंग आहे." ही गोष्ट भावोजी दर गणपतीला जमलेल्या मराठी मंडळींना सांगतात आणि शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज हटकून भरून येतो. आई बाळाला फक्त खोबरेल चोळायच्या. ती सवय भावोजींनी जर्मनीत आणली. उन्हाळ्यात रविवारी सकाळी ते बाल्कनीत स्टूल टाकून, बनियन काढून, मानेपासून पोटरीपर्यंत तेल चोळतात, आणि तेल नीट मुरावं म्हणून मांड्यांवर, दंडांवर तालात चापट्या मारतात. जर्मनीत रविवारी भिंतीला खिळा ठोकायची बंदी, आणि इथे बाल्कनीत पखवाज सुरू. पहिल्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर आल्या, त्या आवाजाची तक्रार घेऊन नव्हे, तर कुणाला मारहाण होतेय का ते बघायला. दार उघडलं ते तेलाने निथळणाऱ्या भावोजींनी. बाई दोन पावलं मागे सरल्या. भावोजींनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला, खोबरेलाचं शास्त्र समजावलं आणि जाताना एक बाटली हातात ठेवली. आता रविवारी खालच्या बाल्कनीतूनही चापट्यांचा आवाज येतो.

कारखान्यात ते पेंट शॉपला, शेवटच्या तपासणीवर. रंगवून आलेली गाडी दोन्ही बाजूंनी ट्यूबलाइट लावलेल्या एका बोगद्यात शिरते. भावोजी पांढरे हातमोजे घालून तिच्या अंगावरून हात फिरवतात, मान तिरकी करून बघतात, आणि रंगात केसाएवढी खोट सापडली तरी तिथे खूण करून गाडी 'नाखआर्बाइट'ला, म्हणजे पुन्हा दुरुस्तीला, पाठवून देतात. त्यांतही काळ्या गाड्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "पांढरी गाडी काय, कुणीही रंगवेल," ते म्हणतात. "काळा रंग म्हणजे खरी परीक्षा. काळ्यात काही म्हणता काही लपत नाही. फक्त उजेड कुठून टाकायचा ते कळलं पाहिजे. गेनाऊ!" हा 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', ते स्वतःच्याच बोलण्याला लावतात, कारण दुसरं कोणी लावेल याची त्यांना खात्री नसते. ही परीक्षा कारखान्याचं फाटक ओलांडून बाहेरही येते. एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी भाजीच्या पिशव्या घेऊन उभी, आणि भावोजी कुणाच्यातरी काळ्याभोर गाडीच्या बॉनेटवर गाल टेकवून एक डोळा मिटून बघतायत. मालक आला. सहा फुटांचा, मानेला घडी पडलेला. तो ओरडला, "हे काय चाललंय?" मला वाटलं, आता पोलीस येणार आणि मला ओळख नाकारावी लागणार. भावोजींनी मान न उचलता विचारलं, "गाडी स्वयंचलित ब्रशाने धुता ना? गोल गोल चरे पडलेत. हा तर गुन्हा आहे." थोड्या वेळाने तो दांडगा माणूस आणि भावोजी दोघंही बॉनेटला गाल लावून उभे होते. घरी येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं.

इतक्या बारकाव्याने बघणारा हा माणूस सिगारेट ओढतो हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हादरलेच. आणि ओढण्याची पद्धतही सरळ नाही. बोटांना वास लागू नये, कातडीवर पिवळा डाग पडू नये, म्हणून ते सिगारेट कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरून ओढतात. हिवाळ्यात, बाहेर सगळं गोठलेलं असताना, बाल्कनीत माकडटोपी घातलेला एक गृहस्थ चिमट्याच्या टोकाला निखारा धरून धूर सोडतोय, हे दृश्य मी जेव्हा प्रथम पाहिलं तेव्हा माझ्या हातातला कप खाली पडला. ओढून झाल्यावर खरा सोहळा. तोंड धुणार, ओठांना तूप लावणार, लवंग चावणार, बडीशेप खाणार, कपाळावरून खोबरेलाचा हात फिरवणार आणि देवळातून आल्यासारखे प्रसन्न चेहऱ्याने आत येणार. त्यांची मुलगी, आमची ईरा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच सुचतं, पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणणार, "पापा, डू श्टिंक्स्ट." पापा, तुला घाण वास येतो. ताईने तर बोलणंच सोडून दिलं होतं. ती फक्त चिमटे नवे आणायची, कारण जुन्यांनी वाळत घातलेल्या ओढण्यांना टपरीचा वास यायचा.

सिगारेट सोडा असं म्हटलं की भावोजी रागवत नसत, व्याख्यान देत. "तू मला सांग," ते मला म्हणाले, आम्ही डॅन्यूबच्या काठी बसलो होतो आणि समोर गवतावर अर्धं रेगेन्सबर्ग उन्हात पालथं पडलं होतं, "ह्या लोकांच्या कातडीला काय अर्थ आहे? ऊन लागलं की लाल, थंडी लागली की निळी, दारू प्यायले की नाक जांभळं. चाळिशीला तोंडाचा नकाशा होतो. सिगारेटने ह्यांचं वाटोळं होणारच. आपली कातडी म्हणजे शाळेच्या युनिफॉर्मची काळी पँट. काही सांडू दे, पुसलं की झालं. माझ्या तोंडावर एक तरी सुरकुती दाखव." मी बघितलं, आणि सांगायला लाज वाटते, पण एकही दिसेना. माझ्या स्वतःच्या डोळ्यांखाली तेव्हा बरंच काही जमू लागलं होतं. जो माणूस कारखान्यात काळ्यात काही लपत नाही म्हणतो, तोच नदीकाठी काळ्यात सगळं लपतं म्हणतोय, हे माझ्या ध्यानात यायला आगगाडी म्युनिकजवळ यावी लागली. आणि तेव्हा भांडायला समोर कोणी नव्हतं.

आणखी एक तऱ्हा सांगायची राहिली. दर रविवारी जेवणाआधी साताऱ्याला व्हिडिओ कॉल असे. भावोजी न चुकता मोठ्या खिडकीकडे पाठ करून बसत. मागून लख्ख उजेड, पुढे यांची नुसती आकृती. तिकडून आई विचारत, "दिसत नाहीस रे नीट." हे म्हणत, "आई, मी काळाच आहे, दिसणार कसा?" मग इकडे आम्ही आणि तिकडे आई, सगळे हसत. मी आयटीवाली, मला ते बघवत नसे. "अहो भावोजी, खिडकीकडे तोंड करा, कॅमेऱ्याला उजेड समोरून लागतो," मी कितीदा म्हटलं असेल. "असू दे गं, मला नाही कळत तुमचं ते तंत्र," असं म्हणून ते खुर्ची जराशी हलवल्यासारखं करत आणि पुन्हा होती तिथेच ठेवत.

मागच्या हिवाळ्यात कारखान्यातले नवे सेफ्टी शूज चावले आणि डाव्या पायाच्या करंगळीला फोड आला. फुटला, आणि भरेना. त्यांनी त्यावर तेल लावलं, हळद लावली, बँडेज बदललं. जखम होती तशीच. अखेर ताईने जबरदस्तीने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारा, प्रेमळ माणूस. त्याने पाय वळवून वळवून पाहिला आणि सांगितलं की कुठे लाली दिसत नाही, सूज फारशी नाही, मलम लावा आणि मोजे सैल घाला. भावोजी विजयी मुद्रेने परतले. "बघ," मला फोनवर म्हणाले, "गोऱ्याचा पाय असता तर टोमॅटो झाला असता. आपला बघ, रंगसुद्धा बदलला नाही."

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. दुपारी भावोजी आणि मी फिरायला निघालो. ते थोडं चालले की थांबायचे, रस्त्याकडेला लावलेल्या गाडीवर वाकून बघायचे, मग पुढे. मला सवय होती. मी गप्पा मारत उभी राहायची. एक काळी गाडी, एक निळी, पुन्हा एक काळी. नंतर ते जिथे थांबले ती एका प्लंबरची पांढरी व्हॅन होती. चिखलाने भरलेली, मागच्या दारावर कुणीतरी बोटाने चित्र काढलेली. भावोजी तिच्या टपाला हात टेकवून रंग बघतायत. मी म्हटलं, "भावोजी, ही पांढरी आहे." त्यांनी दुसरा हातही टेकवला. "अहो, ही पांढरी आहे. तुम्ही पांढऱ्या गाडीकडे बघता कधीपासून?" त्यांनी मान वळवली, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं, चोरी पकडलेल्या पोरासारखं हसू होतं. "पोटरीत जरा कळ येते गं," ते म्हणाले. "थोडं थांबलं की जाते. ताईला सांगू नकोस." म्हणजे रस्त्यातल्या सगळ्या गाड्या खोट्या. हा माणूस किती दिवस कळ सोसत उभा राहत होता आणि आम्ही शेजारी उभं राहून हसत होतो.

मी ताईला सांगितलं. त्याच संध्याकाळी, त्यांच्यासमोरच, आणि चढ्या आवाजात. दुसऱ्या कुठल्या बाबतीत मी त्यांचं गुपित राखलं असतं. माझ्या तोंडावरच्या वांगांसाठी मी म्युनिकमध्ये ज्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाते त्यांच्याकडे मी रडून-भेकून टेर्मीन मिळवला, म्हणजे लवकरची भेट, आणि जर्मनीत लवकरची भेट मिळणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच माहीत. भावोजी आले ते नवा शर्ट घालून, लवंग चघळत. डॉक्टरीणबाई काळ्या आहेत. वडील कॅमेरूनचे, आई इथल्याच खेड्यातली. त्यांना बघताच भावोजींनी एकदम सावकाश, एकेक शब्द सुटा करत इंग्रजी सुरू केलं. त्यावर बाईंनी खणखणीत 'ग्र्यूस गॉट' असा इकडचा नमस्कार घालून अशा ठेवणीतल्या बव्हेरियन बोलीत नोकरीधंद्याची विचारपूस केली की भावोजींचं तोंड उघडंच राहिलं. "ही तर आमच्या शिफ्टच्या मुकादमापेक्षा गावठी बोलते," ते माझ्या कानाला लागले. मी म्हटलं, "तुमच्याशी बेकरीवाली असंच तुटक इंग्रजी बोलते तेव्हा तुम्ही घरी येऊन दोन दिवस धुसफुसता." त्यांनी वाकून बूट काढायला घेतला.

बाईंनी जखम पाहिली, पण बघण्याआधी हात लावला. दोन्ही पायांवर एकाच वेळी तळवे ठेवले, मग घोट्याजवळ बोटं टेकवून बराच वेळ नाडी शोधत राहिल्या. डावा पाय गार होता. भावोजी म्हणाले, "पण लाली नाही ना?" बाईंनी बाही वर सारली आणि आपला हात त्यांच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. दोन हात, एकच रंग. मी मागे उभी होते आणि क्षणभर मला कुठला कोणाचा ते कळेना. "ह्या कातडीत लाली अशी दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तकातली चित्रं गोऱ्या पायांची असतात. इथे बोटांनी बघावं लागतं, गार की गरम, मऊ की ताठ. तुमच्या जखमेपर्यंत रक्त पोचत नाहीये. सिगारेटने वाहिन्या आवळल्यात. म्हणून ती भरत नाही, म्हणून पोटरी दुखते." भावोजींनी युनिफॉर्मच्या पँटची उपमा काढली. सुरकुती दाखवा म्हणाले. मला वाटलं बाई हसतील. त्या उठल्या, खोलीतला दिवा मालवला, त्यांच्या हातात आरसा दिला आणि टेबलावरचा छोटा दिवा त्यांच्या गालाच्या अगदी बाजूला, तिरका धरला.

हे भावोजी रोज करतात. उजेड तिरका टाकायचा आणि वाट बघायची. त्या उजेडात सगळं दिसलं. तुकतुकी होती ती तेलाची. तेलाखाली कातडी राखाडी, कोरडी पडली होती, गालांवर रंगाची ठिगळं, ओठांच्या कडेने बारीक बारीक चिरा, आणि ओठांवर, खालच्या ओठावर जास्त, शाई सांडल्यासारखे काळपट डाग. बाईंनी ओठ उलटून हिरड्या दाखवल्या. तिथेही तेच. "धूर लागला की ही कातडी जास्त रंग करते," त्या म्हणाल्या. "आणि सगळीकडे सारखा नाही करत. सुरकुत्या आपल्याला उशिरा पडतात हे खरं आहे. त्यामुळेच माणूस फसतो. माझे वडीलही असंच म्हणायचे, आपल्याला काही होत नाही. त्यांचे ओठ निळे पडले होते ते कुणाला दिसलंच नाही. आईला नाही, डॉक्टरांना नाही. पापणीच्या आत बघायचं असतं, नखाखाली बघायचं असतं, पण ते बघणारं कुणी नव्हतं. ते गेले तेव्हा मी शाळेत होते." मग एकदम कोरड्या आवाजात त्यांनी सांगितलं की त्या आत्ताच रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना फोन करतायत, वाहिनी मोकळी करता येईल, पण सिगारेट चालू राहिली तर आधी बोट जाईल आणि मग बोटावर भागणार नाही.

भावोजींनी आरसा खाली ठेवला नव्हता. त्यांनी दिवा स्वतःच्या हातात घेतला, थोडा वर, थोडा मागे, त्यांच्या बोगद्यातल्या कोनात धरला आणि मान तिरकी करून आपल्याच चेहऱ्याकडे बघत राहिले. मी त्यांना गाड्यांकडे असं बघताना शेकडो वेळा पाहिलं आहे. मग आपल्या खालच्या ओठावर बोट ठेवून, खूण करावी तसं, ते हळूच म्हणाले, "नाखआर्बाइट." बाई हसल्या नाहीत. "जा दुरुस्तीला," त्या म्हणाल्या, "पण हा भाग कारखान्यात नवा मिळत नाही."

मांडीतून नळी घालून वाहिनी मोकळी केली. बोट वाचलं. जखम भरायला वसंत उलटला, आणि तिच्या जागी एक गडद डाग राहिला तो राहिलाच. सिगारेट सुटली, पण सरळ नाही. एकदा सोडली, तळघरातल्या सायकलींच्या खोलीत पकडले गेले, पुन्हा सोडली. त्या दिवसांत त्यांचा स्वभाव असा झाला की ईरा त्यांच्याशी चक्क मराठीत बोलू लागली, "बाबा, चिडू नका ना," म्हणून. ते ऐकून भावोजी बाथरूममध्ये जाऊन रडले असं ताई सांगते. हाताला काहीतरी लागतं म्हणून ते आता बाल्कनीत नुसता रिकामा चिमटा घेऊन बसतात आणि उघडझाप करतात. ताईच्या ओढण्यांना साबणाचा वास येतो. रविवारच्या चापट्या चालू आहेत, पण डाव्या पायाला हलक्या हाताने.

परवाच्या रविवारी मी तिकडे होते. साताऱ्याला फोन लावायची वेळ झाली. भावोजींनी खुर्ची उचलली, खोलीच्या पलीकडे नेली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली. मी पाहत राहिले. इतकी वर्षं मी या माणसाला उजेड कुठून यायला हवा ते शिकवत होते! उजेडाच्या एका रेषेवरून गाडी परत पाठवणारा माणूस, त्याला खिडकीकडे पाठ का करायची ते ठाऊक नव्हतं होय? रोज दाढी करताना आरशात त्याने सगळं पाहिलं होतं. काळ्यात सगळं लपतं हे तो आम्हाला सांगत होता, स्वतःला नाही. फक्त एका माणसापासून लपायचं होतं, आणि तेवढ्यासाठी दर रविवारी एवढा मोठा सूर्य पाठीशी घेऊन बसायचा. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि मी जाऊन खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला.

आई पडद्यावर आल्या. चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. "तोंड जवळ आण," मग म्हणाल्या. भावोजींनी आणलं. शर्टाची वरची गुंडी त्यांनी उगाच लावली.

"ओठांना काय झालं?"

"सिगारेट ओढत होतो, आई. खूप वर्षं. आता सोडली."

मला वाटलं, आता ओरडतील. आम्ही तिघी, ताई, ईरा आणि मी, खुर्चीमागे उभ्या. आई बघत होत्या, मान जराशी तिरकी करून, आणि मला पहिल्यांदा कळलं की भावोजींची ती मान कुठून आली. मग त्या इतक्या हळू बोलल्या की फोन कानाशी न्यावासा वाटला.

"हा तुझा रंग नाही रे."

आणि मुलाच्या ओठांवरून हात फिरवायला म्हणून त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला. पुसला जातो का बघावं तसा एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि कुठेतरी नको तिथे दाबला जाऊन फोन बंद झाला. ताई म्हणाली, "लावते परत." भावोजी म्हणाले, "थांब जरा." ते तसेच बसून राहिले, खिडकीतून येणारं सगळं ऊन तोंडावर घेऊन, डोळे मिटून, बंद फोन हातात धरून.